पाठलाग थांबेल, पाळत थांबेल का?

पळणाऱ्या गाडीमागे सायरन वाजवीत धावण्याऐवजी तिला उपग्रहाच्या नजरेत ठेवण्याचा प्रयोग अमेरिकेत गेली दोन दशके सुरू आहे. त्यातून रस्त्यावरचे जीव वाचण्याची आशा निर्माण झाली आहे. मात्र वाहनाच्या प्रत्येक हालचालीची नोंद सरकारी यंत्रणेच्या हाती जाण्याचा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहिला आहे.

जानेवारी २००२ मधील घटना. उत्तर कॅलिफोर्नियातील चिको या गावात एक कुटुंब मुलीच्या शाळेतील बास्केटबॉलच्या सामन्यासाठी गाडीने निघाले होते. त्याच वेळी आईची गाडी न विचारता घेऊन गेलेल्या एका अल्पवयीन मुलीचा पोलिस पाठलाग करीत होते. ती गाडी चौकात न थांबता सुसाट पुढे आली आणि या कुटुंबाच्या गाडीवर आदळली. मागच्या आसनावर बसलेली पंधरा वर्षांची मुलगी गंभीर जखमी झाली आणि काही दिवसांतच दगावली. पळणारी मुलगी कोण आहे, ती राहते कोठे, हे पोलिसांना ठाऊक होते. तिच्या आईनेच तक्रार केली होती. तासाभराने तिच्या घराची कडी वाजवली असती, तरी काम भागले असते.

मृत मुलीच्या आईने त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचे उंबरठे झिजवले. पाठलागावर कडक निर्बंध घालणारे विधेयक पोलिस संघटनांच्या विरोधामुळे बारगळले. अखेर २००५ मध्ये प्रशिक्षण आणि नोंदी ठेवण्यावर भर देणारा सौम्य कायदा झाला. पण त्या निमित्ताने विचारला गेलेला प्रश्न आजही कायम आहे. गुन्हेगाराला पकडण्याच्या घाईत निरपराध माणसाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार पोलिसांना कितपत असावा? आणि पळणारी गाडी कोठे आहे हे पाठलाग न करताच कळणार असेल, तर हा धोका पत्करावाच का?

रोज एक बळी

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे बोलके आहेत. १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत पोलिस पाठलागाशी संबंधित अपघातांत सात हजारांहून अधिक माणसे मरण पावली. वर्षाला सरासरी ३५५, म्हणजे साधारणपणे रोज एक. त्यातील सुमारे दोन तृतीयांश पळणाऱ्या गाडीतील होते. उरलेल्यांत बहुसंख्य अन्य वाहनांतील प्रवासी आणि पादचारी, म्हणजे ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसे होती. एकट्या २०१२ या वर्षात राज्य आणि स्थानिक पोलिसांनी अंदाजे ६८ हजार पाठलाग केले, असेही हा अहवाल सांगतो.

नंतरच्या काळातही चित्र सुधारले नाही. 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या दैनिकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधमालिकेनुसार २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत किमान ३,३३६ जणांना पाठलागात प्राण गमवावे लागले. पाठलागाची सुरुवात दरवेळी खून किंवा दरोड्यापासून होते असेही नाही. वाहतुकीचा नियम मोडणे, गाडीची चोरी अशा कारणांवरून सुरू झालेल्या पाठलागांचे प्रमाण मोठे आहे.

तिकडे या प्रकाराला करमणुकीचे रूप आले, ते वेगळेच. १७ जून १९९४ रोजी माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन बसलेल्या पांढऱ्या ब्राँको गाडीमागे लॉस एंजेलिसच्या महामार्गावर पोलिसांचा ताफा चालला होता. हेलिकॉप्टरमधून झालेले त्याचे थेट प्रक्षेपण साडेनऊ कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. त्या गोंधळात एक तपशील मागे पडला. सिम्पसन कोणत्या भागात आहे याचा माग पोलिसांना लागला तो गाडीतून झालेल्या मोबाइल फोनच्या संभाषणावरून. तंत्रज्ञानाने पाठलागात प्रवेश केला होता, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

चिकट गोळीचा प्रयोग

फेब्रुवारी २००६ मध्ये लॉस एंजेलिसचे तत्कालीन पोलिसप्रमुख विल्यम ब्रॅटन यांनी एका नव्या उपकरणाची चाचणी घेणार असल्याचे जाहीर केले. व्हर्जिनियातील 'स्टारचेस' या कंपनीने ते तयार केले होते. कल्पना सोपी आहे. गस्ती गाडीच्या पुढच्या जाळीमागे एक लहानशी तोफ बसविलेली असते. लेसरच्या साह्याने पुढच्या गाडीवर नेम धरायचा आणि कळ दाबायची. दाबाखालील हवेच्या जोरावर एक नळकांडे बाहेर पडते आणि समोरच्या गाडीच्या पाठीला जाऊन चिकटते. नळकांड्याच्या टोकाला अतिशय चिकट पदार्थ असतो, तर पोटात जीपीएस यंत्र. ते उपग्रहांच्या साह्याने आपले स्थान ठरवते आणि मोबाइलच्या जाळ्यामार्फत दर काही सेकंदांनी नियंत्रण कक्षाला कळवीत राहते. गस्ती गाडीने मग वेग कमी करायचा, सायरन बंद करायचा आणि मागे राहायचे. नियंत्रण कक्षातील नकाशावर पळणारी गाडी ठिपक्याच्या रूपाने दिसत राहते. ती थांबली की चहूबाजूंनी पोलिस पोहोचतात.

ब्रॅटन यांनी हे उपकरण हाती घेण्यामागे पार्श्वभूमी होती. पाठलागांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या शहराने २००३ मध्ये वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यासाठी पाठलाग न करण्याचे धोरण स्वीकारले होते. पाठलाग सोडून द्यायचा, तर गुन्हेगार सुटतो आणि करायचा, तर एखाद्याचा जीव जातो. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग तंत्रज्ञानात दिसत होता. पुढे आयोवा, ॲरिझोना, टेक्सास आदी राज्यांतील पोलिसांनीही हे उपकरण वापरून पाहिले. नंतर ते हातात धरून चालविता येईल अशा स्वरूपातही उपलब्ध झाले.

या उपायाच्या मुळाशी मानवी स्वभावाचे एक निरीक्षण आहे. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातील अभ्यासक जेफ्री अल्पर्ट यांनी नव्वदच्या दशकात पाठलागात पकडल्या गेलेल्या आरोपींच्या मुलाखती घेतल्या. मागे दिवे आणि सायरन नसतील तर वेग कमी केला असता, असे त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले. थोडक्यात, पळणारा मागच्या गाडीला भितो. ती मागून नाहीशी झाली की तोही शांत होतो, सिग्नलला थांबतो, एखाद्या गल्लीत गाडी लावतो. पाठलाग हाच पुष्कळदा बेफाम वेगाचे कारण ठरतो. म्हणजे पोलिसांनी मागे हटणे ही माघार नव्हे, तर रस्ता सुरक्षित करण्याची पहिली पायरी आहे. जीपीएस यंत्रामुळे एवढेच होते, की हटल्यानंतरही माग सुटत नाही.

गाडीच झाली साक्षीदार

बाहेरून यंत्र चिकटविण्याची गरज आता अनेकदा पडत नाही, कारण गाडीच आपला ठावठिकाणा सांगते. याची सुरुवात १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झाली. 'लोजॅक' नावाचे छोटे रेडिओ यंत्र गाडीत दडवून ठेवले जाई. गाडी चोरीला गेल्याची नोंद झाली की ते जागे होई आणि पोलिसांच्या गाडीतील ग्राहक यंत्राला दिशा दाखवी. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की ज्या शहरांत ही यंत्रे वाढली तेथे एकंदर वाहनचोऱ्याच घटल्या. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळत नसल्याने यंत्र नसलेल्या गाड्यांनाही संरक्षण मिळाले.

त्यापुढचे पाऊल जनरल मोटर्सने टाकले. तिच्या 'ऑनस्टार' सेवेत चोरीची गाडी केवळ शोधता येत नाही, तर दुरून तिचा वेगही कमी करता येतो. ऑक्टोबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया येथे लुटून नेलेली एक शेवरले टाहो अशा रीतीने पाठलाग सुरू असतानाच मंदावण्यात आली. चोर उतरून पळाला आणि पकडला गेला. कोणालाही इजा झाली नाही.

बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर एप्रिल २०१३ मध्ये घडलेला प्रसंग तर सर्वपरिचित आहे. दोघा संशयितांनी बंदुकीच्या धाकाने एक मर्सिडीज गाडी मालकासह पळविली. पेट्रोल पंपावर संधी साधून मालक निसटला. आपला फोन गाडीतच राहिला असून त्याच्या आणि गाडीतील यंत्रणेच्या आधारे माग काढता येईल, हे त्याने पोलिसांना सांगितले. थोड्याच वेळात ती गाडी वॉटरटाऊनमध्ये सापडली. पुढे चकमक झाली, हे खरे. पण शहरभर अंधारात चाचपडण्याची वेळ पोलिसांवर आली नाही.

यंत्राच्या मर्यादा

या यशकथांमुळे हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. पहिली अडचण खर्चाची. चिकट गोळीची यंत्रणा सुरुवातीच्या काळात गाडीमागे सुमारे पाच हजार डॉलरना पडत होती आणि प्रत्येक गोळी सुमारे पाचशे डॉलरची होती. अमेरिकेत पोलिस दले हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यातील बहुतेक लहान आहेत. त्यांना हा खर्च झेपणारा नाही. शिवाय नेम साधण्यासाठी गस्ती गाडीला पुढच्या गाडीच्या पुष्कळ जवळ जावे लागते. नेम चुकतो, कधी नळकांडे गळून पडते. थोडा वेळ तरी पाठलाग करावाच लागतो आणि अपघात व्हायचा तर तेवढा वेळही पुरतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. यंत्र गाडीचा ठिकाणा सांगते, चालकाची ओळख नव्हे. चोरीची गाडी पुढच्या वळणावर टाकून देऊन चोर पसार झाला तर नकाशावर स्थिर ठिपका तेवढा उरतो. दारूच्या नशेत भरधाव गाडी हाकणाऱ्यापासून समोरच्या वाहनाला असलेला धोकाही त्या ठिपक्याने कमी होत नाही.

तिसरी गोष्ट चुकीची. यंत्राने सांगितले म्हणजे ते खरेच, अशी सवय पोलिसांना लागते. ऑगस्ट २०२० मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे नंबरप्लेट वाचणाऱ्या यंत्रणेने एक गाडी चोरीची असल्याचे सुचविले. पोलिसांनी बंदुका रोखून त्या गाडीतील कृष्णवर्णीय महिलेला आणि चार मुलींना रस्त्यावर उतरविले. त्यातील सर्वांत लहान मुलगी सहा वर्षांची होती. मुलींना तापलेल्या जमिनीवर पालथे झोपविण्यात आले, काहींना बेड्याही घालण्यात आल्या. वास्तविक तोच क्रमांक असलेले चोरीचे वाहन दूरच्या मोंटाना राज्यातील मोटारसायकल होते. एका माणसाने पडद्याकडे नीट पाहिले असते तर हा प्रसंग टळला असता. शहराला पुढे १९ लाख डॉलरची भरपाई द्यावी लागली.

धोरण आधी, उपकरण नंतर

म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकांचा भर उपकरणापेक्षा धोरणावर आहे. न्याय खात्याच्या अहवालातच त्याचे कारण सापडते. जेथे पाठलागाचा निर्णय सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला होता, अशा पोलिस दलांत दर शंभर अधिकाऱ्यांमागे वर्षाला १७ पाठलाग झाले. जेथे पाठलागाला मनाई होती किंवा तो टाळण्यास सांगितले जात होते, तेथे हे प्रमाण अवघे दोन होते. केवळ नियम बदलल्याने एवढा फरक पडतो.

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहर हे याचे ठळक उदाहरण. काही निरपराध नागरिकांच्या मृत्यूनंतर तेथे २०१० मध्ये पाठलागावर निर्बंध आले. पण पोलिस मागे येत नाहीत असे दिसताच वाहनचोरांचे आणि अमली पदार्थ विकणाऱ्यांचे फावले, अशी ओरड सुरू झाली आणि २०१७ मध्ये निर्बंध सैल करण्यात आले. पुढच्याच वर्षी पाठलागांची संख्या दुपटीहून अधिक झाली. त्याच वर्षी पाठलागादरम्यान गाडी उलटून एका तरुण पोलिस अधिकाऱ्याचाही मृत्यू झाला. वॉशिंग्टन राज्याचा प्रवासही असाच झाला. २०२१ च्या कायद्याने पाठलाग जवळजवळ बंद केले, तर मतदारांच्या सह्यांनी दाखल झालेल्या प्रस्तावाद्वारे २०२४ मध्ये ते पुन्हा मोकळे झाले. न्यूयॉर्क शहराने मात्र फेब्रुवारी २०२५ पासून उलट दिशा धरली आणि पाठलाग गंभीर व हिंसक गुन्ह्यांपुरता मर्यादित केला.

पोलिस अधिकाऱ्यांच्याच 'पोलिस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत नेमकी कसोटी सांगितली आहे. हिंसक गुन्हा घडलेला असेल आणि आरोपी लगेच दुसरा तसाच गुन्हा करील असा धोका असेल, तरच पाठलाग करावा. आरोपीला नंतर पकडता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही, हे त्यामागचे सूत्र आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र पोलिसांना झुकते माप दिले आहे. 'स्कॉट विरुद्ध हॅरिस' या २००७ च्या खटल्यात वेगमर्यादा ओलांडून पळालेल्या जॉर्जियातील १९ वर्षांच्या तरुणाच्या गाडीला पोलिसांनी मागून धडक दिली होती आणि तो कायमचा अपंग झाला होता. ही धडक न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी वाजवी ठरवली. पाठलाग सोडून द्या असे म्हणणे म्हणजे बेफाम पळणाऱ्यांना बक्षीस देणे होय, असा बहुमताचा सूर होता. एकटे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी वेगळे मत मांडले. पोलिसांकडे त्या गाडीचा क्रमांक होता, त्याला नंतर पकडता आले असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

अठ्ठावीस दिवसांची पाळत

हेच न्यायालय पाळतीच्या बाबतीत अधिक सावध राहिले, हे विशेष. वॉशिंग्टनमधील एका नाइटक्लब चालकाच्या जीपला पोलिसांनी वैध वॉरंटशिवाय जीपीएस यंत्र लावले आणि २८ दिवस तिचा माग ठेवला. त्यातून दोन हजारांहून अधिक पानांची माहिती जमा झाली. जानेवारी २०१२ मध्ये 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध जोन्स' खटल्यात न्यायालयाने असे यंत्र लावणे ही घटनेच्या अर्थाने झडतीच असल्याचा एकमुखी निर्णय दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या स्वतंत्र मतात त्यापुढचा धोका दाखवून दिला. माणूस कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या प्रार्थनास्थळात जातो, कोणाला भेटतो, हे सारे अशा नोंदींतून उघड होते. पुढे २०१८ मध्ये 'कार्पेंटर' खटल्यात मोबाइल कंपन्यांकडील ठावठिकाण्याच्या जुन्या नोंदींनाही वॉरंटचे संरक्षण मिळाले.

पळणाऱ्या गाडीला चिकटविलेली गोळी आणि गुपचूप लावलेले यंत्र यांत फरक आहे, हे मान्य करावे लागेल. पहिल्या प्रकारात गुन्हा डोळ्यांसमोर घडत असतो, वॉरंट आणण्यास सवड नसते आणि माग काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. पण फरक यंत्रात नसून वापरणाऱ्याच्या संयमात आहे. तेच यंत्र, तीच नोंद, उद्या दुसऱ्या कारणासाठी वापरली जाऊ शकते. माग कधी थांबवायचा आणि नोंदी कधी पुसायच्या, हे लिहून ठेवलेले नसेल तर पाठलागाची सोय पाळतीची सवय होऊन बसते.

नाकाबंदीच्या देशात

भारतात अमेरिकी धर्तीचे पाठलाग फारसे होत नाहीत. गर्दी, अरुंद रस्ते आणि गस्ती गाड्यांची क्षमता पाहता आपल्या पोलिसांची भिस्त नाकाबंदीवर असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी पळविलेल्या स्कोडा गाडीचे वर्णन बिनतारी संदेशाने मिळाले आणि गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत ती अडविण्यात आली. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिले. गाडीमागे धावण्यापेक्षा तिच्या पुढे माहिती पोहोचविणे अधिक मोलाचे असते, याचा याहून मोठा दाखला मुंबईकराला नको.

ही माहिती आता कितीतरी मार्गांनी जमा होते. जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बस आदी सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला, म्हणजे गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली याची नोंद आपोआप होऊ लागली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग आणि क्रमांक टिपते आहे. यातील प्रत्येक गोष्ट सुरक्षेसाठी किंवा सोयीसाठी आली आहे. पण एकत्र केल्या तर त्या प्रत्येक वाहनधारकाची रोजनिशी ठरतात.

त्यावर अंकुश कोणाचा? खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने त्याला व्यवहारातील अर्थ दिला. जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपला ठावठिकाणा गुगल नकाशावर तपास अधिकाऱ्याला सतत दिसू द्यावा, ही अट त्यांनी रद्दबातल ठरवली. पोलिसांना आरोपीच्या खासगी आयुष्यात सतत डोकावता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. दुसरीकडे, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी सरकारी यंत्रणांना मोठी सूट ठेवली आहे. वाहनांच्या नोंदी पोलिसांनी कोणाच्या परवानगीने पाहाव्यात आणि किती दिवस जपाव्यात, याचे स्पष्ट उत्तर सामान्य वाहनधारकाला या कायद्यात सापडत नाही.

चिकोमधील त्या मुलीचा जीव वाचविण्यासाठी उपग्रहाची गरज नव्हती. पाठलाग थांबवा, असा एक स्पष्ट आदेश पुरेसा होता. तंत्रज्ञानाने तो आदेश देणे सोपे केले आहे, कारण आता पाठलाग सोडला तरी गुन्हेगार हातचा जात नाही. त्याचे स्वागतच करायला हवे. पण पोलिसांनी केव्हा धावू नये याचा नियम जितका आवश्यक आहे, तितकाच त्यांनी केव्हा पाहू नये याचाही. अमेरिकेला पहिला नियम शिकण्यासाठी हजारो बळी द्यावे लागले. दुसरा नियम आपण नोंदींचे ढीग साचण्यापूर्वीच लिहून ठेवलेला बरा.